पणजीत एकटीने तीन रात्री: खोलीला दोन तारे, खानावळीला पाच

आधी खोलीचं सांगते, कारण तक्रार तिचीच आहे. ॲपवर ठळक अक्षरांत ‘हलाल फ्रेंडली’ लिहिलं होतं म्हणून फोंतेन्हासच्या मागच्या गल्लीत रात्रीला १,८०० रुपये मोजून ती घेतली. खोली देखणी, यात वाद नाही. उंच छत, लाल फरशी, शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी. शनिवारी सकाळी न्याहारीला खाली उतरले तर तव्यावर डुकराच्या मांसाचे चोरिस परतून नुकतेच काढलेले आणि त्याच चरबीत माझं ऑम्लेट पडायच्या बेतात. मी विचारलं, “अरे, यात हलाल काय आहे?” पोरगा निरागसपणे म्हणाला, “अंडं, मॅडम.”

त्याला काय बोलणार? मालकांच्या लेखी हलाल फ्रेंडली म्हणजे कपाटाच्या आत चिकटवलेला किब्ल्याचा, म्हणजे नमाजाच्या दिशेचा, बाण, आणि तोही थेट न्हाणीघराकडे वळलेला. कुणाला लागलं तर लक्षात ठेवा: पणजीत किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. नदी उजव्या हाताला घेऊन ती समुद्राकडे जाते तिकडे तोंड करा, अंदाज बरोबर येतो. मी प्रवासी म्हणून कसर, म्हणजे प्रवासातली आखूड नमाज, करत होते, त्यामुळे खोलीवरच्या नमाजा आटोपशीर होत्या. पुरुषांना चर्च स्क्वेअरपासून थोडं चाललं की जामा मशीद आहेच.

मी रत्नागिरीची. आमच्याकडे मांडवी म्हणजे किनारा, इथे मांडवी म्हणजे नदी, आणि मला घेऊन आलेली गाडीही मांडवी एक्सप्रेस. पणजीला स्टेशन नाही. करमळीला उतरायचं. टॅक्सीवाल्याचा आकडा ऐकून मी रिक्षाने जुन्या गोव्यापर्यंत आले आणि तिथून रायबंदरची बस धरली. नशिबाने खिडकी मिळाली. रायबंदर ते पणजी हा तीन किलोमीटरचा बांध पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात घातला. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खाजणं आणि मिठागरं. ऑक्टोबर सरत आलेला, पाऊस नुकताच ओसरलेला, सगळं हिरवंगार. टॅक्सी परवडली असती तरी मी हाच रस्ता घेतला असता.

तर, ऑम्लेट सोडून मी उपाशीपोटी बाहेर पडले. कोपऱ्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत उभा होता. पोय, म्हणजे इथला पाव, घ्यायची, पण मनात शंका, कारण गोव्याचा पाव पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवायचे. विचारलं. तो हसला. “सूर खंय मेळटा आतां? यीस्ट, बाय.” दोन पोया, वर चहाच्या टपरीवरचा चहा, झाली न्याहारी. दुसऱ्या एका गाड्यावर रस्सा ओतलेल्या रॉस ऑम्लेटचा वास इतका छान येत होता की पाय थबकले. पण तो रस्सा कोंबडीच्या शाकुतीचा असतो आणि कोंबडी कुठली हे गाडेवाल्यालाही ठाऊक नव्हतं. सोडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता खानावळ. पणजीच्या मळा भागात, एका घराच्या पुढच्या पडवीत सहा टेबलं. नाव देत नाही. ती चालवणाऱ्या काकींनीच बजावलंय, रविवारी जास्त माणसं आली की बांगडे पुरत नाहीत. त्यांनी विचारलं, “कितें जाय?” मी मराठीत माझी पूर्ण प्रश्नपत्रिका काढली: डुक्कर शिजतं का, दारू देता का, कालवणात शिर्का घालता का? काकींनी हातातली कालथी खाली ठेवली आणि मराठीतच उत्तर दिलं, “डुक्कर आमच्या चुलीवर कधी आलं नाही. शिर्का कशाला? सोलां आहेत ना.”

तिथेच माझ्या निम्म्या शनिवार-रविवारचा प्रश्न सुटला. हलालची पाटी शोधत फिरणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, पण मासे खाणाऱ्याला गोव्यातली हिंदू खानावळ सर्वांत सोयीची. आंबटपणा कोकमाचा, मटण-कोंबडी मागवायची नाही, बस्स. माडाच्या शिर्क्यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सूर आपोआप आंबून शिर्का झाला तर आमच्या शाफई पंथात तो पाक, म्हणजे शुद्ध, आहे, असं माझं म्हणणं. मामू अजून मान हलवतात. इथे तो वादच उरला नाही.

थाळीत उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, रव्यात तळलेला मोडसो मासा आणि वाटीभर सोलकढी. २५० रुपये. तिरफळ दाताखाली आलं की जीभ मुंग्यांनी भरते. आमच्याकडेही घालतात, पण काकींचा हात सैल आहे. किसमूर इतकी कुरकुरीत की मी दुसऱ्यांदा मागितली आणि त्यांनी पैसे लावले नाहीत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, त्यामुळे सुंगटं-तिसऱ्या बिनघोर. हनफी पंथाच्या मैत्रिणींनी त्या वाट्या बाजूला सारून माशावर भर द्यावा. एकच खोट: पंखा फक्त गल्ल्यावर फिरतो.

चालायला हे शहर बरं आहे, पण फूटपाथवर भरवसा ठेवू नका, मध्येच संपतो. सकाळी खाडीकाठच्या कांदळवनातून जाणारी लाकडी वाट, मग अल्तिनोचा चढ, उतरून आदिलशाही वाड्यासमोर थोडा वेळ. विजापूरकरांनी बांधलेला, १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेला. संध्याकाळी कांपालवरून मिरामारपर्यंत झाडांखालून. एकट्या बाईला त्रास? नाही. मात्र नदीकाठी कॅसिनोवाले “मॅडम, फ्री ड्रिंक्स” करत कागद पुढे करतात. हिजाब दिसत असूनही. तिसऱ्याला मी म्हटलं, “बाबा, सरबत असेल तर सांग.” त्यानंतर फेरीबोटीने बेतीला गेले आणि बोटीनेच परतले. चालत चढणाऱ्याकडून पैसे घेतले नाहीत. पलीकडून पणजीचे दिवे पाहत अर्धा तास सहज जातो.

रविवारी कदंबच्या बसने फोंड्याला, साफा मशिदीला. १५६०ची, लहानशी, बाजूला दगडी तळं आणि त्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. गाडीने येणारे फोटो काढून पाच मिनिटांत निघून जातात. मी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजापर्यंत तळ्याच्या काठावर बसले.

रात्री काकींना खोलीचं गाऱ्हाणं सांगितलं. म्हणाल्या, पुढच्या खेपेस त्यांच्या जावेकडे उतर, वरची खोली रिकामी असते. तव्याचं मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “बाय, तिच्याकडे सोमवारी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही.”