सोलापुरात रिपीटर उभारायचा तर: गाडीतले जुने सेट, क्रॉस-बँड की तयार यंत्र?

कुठल्याशा कारखान्याने नाहीतर टॅक्सीवाल्याने मोडीत काढलेले दोन वायरलेस सेट हाताशी आले की हॅम माणसाच्या, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्याच्या, डोक्यात पहिला विचार रिपीटरचा, म्हणजे दुबळा सिग्नल ऐकून तो पुन्हा जोरात सोडणाऱ्या यंत्राचा येतो. एका सेटने ऐकायचं, दुसऱ्याने तेच त्याच क्षणी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं आणि मध्ये छोटा कंट्रोलर बसवायचा. हे करावं, की दोन बँडांचा (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचा) एकच सेट घेऊन क्रॉस-बँड चालवावं, म्हणजे एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलावं, की वर्गणी जमवून तयार रिपीटर आणावा, असा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच जणांपुढे आहे. माझं मत आधीच सांगतो. सेट कुठला घ्यायचा यावर आपण फार वाद घालतो, पण सगळ्या कामात सेट हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाचा भाग आहे. पैसा आणि घाम लागतो तो डुप्लेक्सरला (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरला) आणि जागेला. म्हणून तुलना तिथूनच करायला हवी.

आधी जागा

सोलापूर सपाट पठारावर आहे. पुण्याला सिंहगड आहे, तसा डोंगर आपल्याला शहराजवळ नाही. रेडिओचं क्षितिज काढायचं साधं सूत्र असं: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, म्हणजे किलोमीटर. उंच इमारतीवर जमिनीपासून ३० मीटरवर अँटेना लावली तर २२-२३ किलोमीटर मिळतात. हातातल्या हँडीचे (वॉकी-टॉकीसारख्या छोट्या सेटचे) पाचेक किलोमीटर धरले तर एकूण २८. शहर आणि आसपासची गावं त्यात येतात. मोहोळ आणि अक्कलकोटला गाडीवर चांगली अँटेना असेल तर अडखळत काम होईल. पंढरपूर सरळ रेषेत ६० किलोमीटर आहे, ते यात येत नाही.

दुसरी जागा म्हणजे तुळजापूरचा घाटमाथा. बालाघाटाची ती कड सोलापूरपेक्षा दीडशे-दोनशे मीटर उंच आहे, त्यामुळे तिथून पन्नास किलोमीटरच्या पुढे मजल जाते आणि सोलापूर, बार्शी, धाराशिव हे सगळं एका छत्राखाली येतं. पंढरपूर तरीही बाहेरच राहतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे रिपीटरची गरज बोलून दाखवली जाते ती आषाढी वारीसाठी आणि भीमेच्या पुरासाठी. उजनी आणि वीरमधून पाणी सुटलं की चंद्रभागेचं वाळवंट बुडतं, आणि त्या वेळी सोलापूरच्या गच्चीवरचा रिपीटर तिथल्या हँडीवाल्याच्या उपयोगाचा नाही.

दोन जुने सेट

मोटोरोलाचा जीएम ३०० हा या कामातला जुना भरवशाचा सेट. त्याच्या पाठीमागे १६ पिनांचा कनेक्टर आहे आणि रिपीटरला लागणारं जवळजवळ सगळं तिथे मिळतं: ३ नंबरला पीटीटी (बोलायला दाबायचं बटण), ५ नंबरला ट्रान्समीटरचा सपाट, म्हणजे चढ-उतार न केलेला ऑडिओ, ७ नंबरला ग्राउंड, ११ नंबरला रिसीव्हरचा ऑडिओ. कंपनी स्वतःच असे दोन सेट एका खोक्यात घालून रिपीटर म्हणून विकत असे. त्याच घराण्यातला पुढचा जीएम ३३८ घेतला तर कनेक्टर २० पिनांचा मिळतो आणि प्रोग्रामिंग विंडोजवर होतं. जीएम ३०० साठी डॉसचा जुना संगणक आणि मधला इंटरफेस डबा शोधावा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी सरळ ३३८ बघावा.

सेट घेताना चकाकी पाहू नका, बँडचा पट्टा पाहा. व्हीएचएफ जीएम ३०० दोन पट्ट्यांत येतो, १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ. आपला हॅम बँड १४४ ते १४६, म्हणजे पहिलाच हवा. यूएचएफमध्ये तर आणखी अडचण आहे. भारतात हॅमना ४३४ ते ४३८ मिळतात, आणि जीएम ३०० चे नेहमी दिसणारे यूएचएफ पट्टे ४०३ ते ४३३ आणि ४३८ ते ४७० असे आहेत. आपला बँड नेमका मधल्या फटीत पडतो. ४०३ ते ४७० सलग घेणारा यूएचएफ ३३८ तिथे उपयोगी पडतो.

ऑडिओ स्पीकरमधून काढून माइकच्या सॉकेटमध्ये घालू नका. कोणी आवाजाचं बटण फिरवलं की रिपीटरचा आवाज बदलतो आणि उच्च स्वर चिरके होतात. मागच्या कनेक्टरवरून सपाट ऑडिओ घ्या आणि सपाटच द्या. जीएम ३०० मध्ये त्यासाठी आतला एक जंपर बदलावा लागतो. ट्रान्समीटर चालू करायला स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडल्याचा सिग्नल वापरा आणि सोबत टोन, म्हणजे आपल्या सिग्नलची ओळख पटवणारा बारीक सूर ठेवा, नाहीतर एलईडी दिव्यांचा नि इन्व्हर्टरचा खरखराट दिवसभर रिपीटर उघडत राहील.

आता उष्णता. गाडीतला सेट थोडं बोलून बराच वेळ गप्प राहण्यासाठी बनवलेला असतो. साधारण एक मिनिट बोलणं आणि चार मिनिटं विश्रांती हे त्याचं गणित. रिपीटरवर गप्पा रंगल्या की ट्रान्समीटर सलग वीस मिनिटं चालू राहतो. २५ वॅट हवेत सोडताना सेट बॅटरीतून सत्तर ते नव्वद वॅट ओढतो आणि बाकी सगळं उष्णता होऊन हीटसिंकवर येतं. हे मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, बाहेर ४३ अंश असताना. म्हणून पॉवर १० वॅटवर आणा. २५ वरून १० म्हणजे ४ डेसिबलचा फरक. ऐकणाऱ्याला तो क्वचितच कळतो, पण सेटचं आयुष्य त्यावर ठरतं. हीटसिंकवर पंखा लावा आणि कंट्रोलरमध्ये सलग बोलणं तोडणारा तीन मिनिटांचा टाइम-आउट ठेवा.

खरी कसोटी: डुप्लेक्सर

आपल्याकडे दोन मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) रिपीटरच्या दोन फ्रिक्वेन्सींत ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. २५ वॅट म्हणजे +४४ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल), आणि चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्ट, म्हणजे −११९ डीबीएम ऐकतो. दोन्हींत १६३ डेसिबलची दरी आहे. कानाशी ताशा कडाडत असताना पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकायची, असं ते काम आहे. रिसीव्हरची स्वतःची निवडक्षमता त्यातलं बरंच सांभाळते, तरी ८० ते ९० डेसिबल बाहेरून द्यावे लागतात.

दोन अँटेना एकाच मनोऱ्यावर वर-खाली लावून हे जमेल का? १० मीटर उभ्या अंतराने सुमारे ५५ डेसिबल मिळतात. ८५ हवे असतील तर अंतर ५५ मीटर लागतं. आडवं अंतर तर फारच कमी काम करतं, १० मीटरला ३५ च्या आसपास. म्हणजे कॅव्हिटींशिवाय, ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या नळकांड्यांशिवाय, सुटका नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा चपटा डुप्लेक्सर चार-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी बनवलेला असतो, तो ६०० किलोहर्ट्झवर चालत नाही. त्यावर पैसे घालवू नका. यूएचएफवर पळावं म्हटलं तर तिथे नेहमीचं ५ मेगाहर्ट्झचं अंतर आपल्या ४ मेगाहर्ट्झच्या बँडात मावतच नाही.

मग उरतात सहा कॅव्हिटी. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५२ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या मीटरहून थोडी उंच अशी सहा नळकांडी. ही घरी बनतात, आणि इथे सोलापूरचा फायदा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्यांना अशी कामं अवघड नाहीत. पण धातू निवडताना आपलं हवामान डोळ्यांपुढे ठेवा. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीस अंशांचा फरक पडतो. आतला दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर तेवढ्याने कॅव्हिटी सुमारे १०० किलोहर्ट्झ सरकते, तांब्याची ७०-७५. एकूण अंतरच ६०० असताना हे सरकणं नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारी खोल खाच, बिघडवायला पुरेसं आहे. कंपन्या म्हणूनच ट्यूनिंगचा दांडा इन्व्हारचा (लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा) करतात, त्याचं प्रसरण तांब्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. इन्व्हार मिळाला नाही तर खोली सावलीत ठेवा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा ट्यून करा.

ट्यूनिंगला नॅनोव्हीएनए हा छोटा मापक पुरतो, मात्र सगळी साखळी एकदम मोजू नका. त्याची झेप ७० डेसिबलच्या आसपास संपते आणि खोल नॉच त्याला दिसतच नाही. एकेक कॅव्हिटी वेगळी मोजा. जोडणीला साधी आरजी ५८ नको, दुहेरी जाळीची केबल घ्या. दोन्ही सेट वेगवेगळ्या धातूच्या डब्यांत ठेवा, नाहीतर कॅव्हिटींनी अडवलेली पॉवर वायरींमधून पोहोचते. डुप्लेक्सरमध्ये दीडेक डेसिबल जातातच, १० वॅटचे ७ राहतात. ते मान्य करा.

क्रॉस-बँड

केनवुड टीएम-व्ही७१ए किंवा यासूचा एफटी-८९०० यांसारखा सेट एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर त्याच क्षणी बोलतो. १४५ आणि ४३५ मध्ये अंतर इतकं मोठं आहे की कॅव्हिटी लागत नाहीत. एक सेट, एक दुहेरी अँटेना, एक बॅटरी, आणि अर्ध्या तासात काम सुरू. पंढरपुरात गाडी घाटाजवळ उंचावर लावायची, गर्दीतल्या हँडींनी व्हीएचएफवर बोलायचं आणि नियंत्रण कक्षाने यूएचएफवर ऐकायचं, हे काम त्याच्यासारखं कोणी करत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी संदेशवहनाच्या मदतीला धावली होती. अशा वेळी सहा नळकांडी ट्यून करायला सवड नसते.

मर्यादा दोन. पहिली मोठी आहे: एकमेकांपासून लांब असलेले दोन व्हीएचएफ हँडीवाले त्यातून परस्परांशी बोलू शकत नाहीत, एक बाजू यूएचएफवर असावीच लागते. रोजच्या गप्पांसाठी, नव्या परवानाधारकाला सगळ्यांशी जोडण्यासाठी हा रिपीटर नव्हे. दुसरी मर्यादा हार्मोनिकची, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत उमटणाऱ्या नकोशा सिग्नलची. १४५ ची तिप्पट ४३५, म्हणजे आपल्या दोन मीटर बँडच्या बऱ्याचशा भागाचं तिसरं हार्मोनिक थेट आपल्याच यूएचएफ बँडात उतरतं. जोडी निवडताना तिप्पट करून पाहा. उष्णतेचा नियम इथेही तोच, कमी पॉवर आणि पंखा.

तयार रिपीटर

मोटोरोलाच्या एसएलआर ५३०० सारखं यंत्र ५० वॅटवर अखंड चालतं, ऑडिओ स्वच्छ असतो आणि वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. किंमत लाखाच्या घरात. संस्थेकडे निधी असेल आणि देखभालीला तांत्रिक माणूस नसेल तर घ्यावा. फक्त एवढं ध्यानात असू द्या की त्यालाही डुप्लेक्सर लागतो, आणि त्याचं ट्यूनिंग वरच्याइतकंच काटेकोर असतं. लाख रुपये देऊन कॅव्हिटींचा प्रश्न सुटत नाही.

मग कोणी काय करावं

एकटा माणूस असाल आणि वारी, पूर, शर्यती यांसाठीच हवं असेल तर क्रॉस-बँड घ्या. चार-पाच जण मिळून, हक्काची उंच जागा आणि लेथवाला ओळखीचा असेल तर दोन जुने सेटच बरे, कारण वाचलेला सगळा पैसा कॅव्हिटी, केबल आणि अँटेनाला लावता येतो. त्यातून जे शिकायला मिळतं ते तयार खोकं विकत घेऊन मिळत नाही, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बिघाड झाला तरी दुरुस्ती इथेच होते. वीज गेली तर दोन्ही सेट नुसते ऐकत असताना मिळून अर्धा ते एक अँपिअर घेतात, घरच्या इन्व्हर्टरची १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवस सहज धरते.

कॅव्हिटींचा खर्च करण्याआधी मात्र जागा तपासा. त्यासाठी एकाच जुन्या सेटला ध्वनिमुद्रण करून तेच परत ऐकवणारा सिम्प्लेक्स रिपीटर जोडा, ज्याला आपण पोपट म्हणतो. एक फ्रिक्वेन्सी, एक अँटेना, डुप्लेक्सर नाही. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं म्हणून रोजच्या वापराला तो कंटाळवाणा आहे, पण निवडलेल्या गच्चीवर आठवडाभर ठेवून हँडी घेऊन होटगी, मोहोळ, अक्कलकोट फिरून या. आपलाच आवाज कुठवर परत येतो ते कळेल आणि मग पैसे कुठे लावायचे याचा निर्णय आपोआप होईल.

कागदपत्रं याच काळात सुरू करा. प्रत्येक हॅमच्या स्वतःच्या परवान्यापलीकडे रिपीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची वेगळी परवानगी लागते. जुना सेट घेतानाही तो कोणाच्या परवान्यावर होता, याचा कागद विक्रेत्याकडून घ्या. कागद नसेल तर सेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.