कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमवर मॅच: जागा कशी, सोय कशी, आणि मालकी कोणाची

इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहणारी, नुकतीच फुटबॉलची गोडी लागलेली मंडळी विचारतात, पहिली मॅच कुठे बघायची? मी कॉव्हेंट्री सिटी या क्लबचं नाव सांगते. त्यांचं स्टेडियम कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी अरीना, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही असलेलं 'रिको'. सोयीसाठी पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला, ते पुढे सांगते.

पोहोचणं सोपं. कॉव्हेंट्रीच्या मुख्य स्टेशनवरून ननीटनच्या गाडीत बसलात की साधारण दहा मिनिटांत कॉव्हेंट्री अरीना स्टेशन, आणि उतरलं की समोर स्टेडियम. अर्धा गुण इथेच गेला: २००५ साली उघडलेल्या स्टेडियमला हे स्टेशन मिळालं २०१६ मध्ये, आणि गाडी अजूनही छोटीच असते. मॅच सुटल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. आत बत्तीस हजारांवर खुर्च्या, बहुतेक आकाशी निळ्या, आणि नजरेच्या आड एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या वरच्या रांगेतूनही पलीकडचा गोल स्वच्छ दिसतो. बिअर घेऊन जागेवर बसता येत नाही. तो इंग्लंडचा कायदाच आहे, तेव्हा स्टॉलशी उभं राहूनच संपवा.

आता थोडं वर बघा. स्टेडियमच्या इमारतीतच हॉटेल आहे आणि त्याच्या काही खोल्यांच्या खिडक्या थेट मैदानावर उघडतात. शिवाय प्रदर्शनाचा मोठा हॉल, परिषदांच्या खोल्या, पार्किंग. मॅच महिन्यातून दोन-तीन, पण या सगळ्याची कमाई वर्षभर चालू. इतकी वर्षं ती क्लबकडे येत नव्हती. मालकीवरून झालेलं पुढचं सगळं भांडण समजून घ्यायचं तर या खिडक्यांपासून सुरुवात करायला हवी.

या स्टेडियमची कल्पना मुळात क्लबचीच. पण पैशांची ओढाताण झाली. १८९९ पासूनचं हायफील्ड रोडचं मैदान आधीच विकलेलं होतं, नव्या प्रकल्पातला स्वतःचा निम्मा हिस्साही २००३ मध्ये एका स्थानिक धर्मादाय संस्थेला विकावा लागला. उरलेला निम्मा सिटी कौन्सिलकडे. म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधलं, तोच त्यात भाडेकरू म्हणून राहायला आला. भाडं वर्षाला बारा लाख पौंडांच्या वर.

२००७ च्या शेवटी सिसू या गुंतवणूक कंपनीने क्लब घेतला. तेव्हा क्लब बुडायच्याच बेतात होता, हे श्रेय मी त्यांना देते. २०१२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्यांनी भाडं देणं थांबवलं. भाडं जास्त होतं, यात शंका नाही. पण त्यावर वाटाघाटी करायच्या असतात. २०१३ च्या सुरुवातीला कौन्सिलने स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीला १ कोटी ४४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, मालकांनी त्याविरुद्ध कोर्ट गाठलं, आणि २०१३-१४ चा अख्खा हंगाम क्लबला तीसेक मैलांवर नॉर्थॅम्प्टनला नेऊन खेळवला. कोर्टाने २०१४ मध्ये कर्ज कायदेशीर ठरवलं, अपिलातही तेच झालं.

त्या हंगामात घरच्या मॅचला सरासरी अडीच हजार माणसंही येत नव्हती. बरेच चाहते निषेध म्हणून तिकीट न काढता मैदानाबाहेरच्या गवताळ टेकाडावर उभं राहून मॅच बघत. त्या टेकाडाला त्यांनी क्लबचे लाडके मॅनेजर जिमी हिल यांच्यावरून 'जिमीज हिल' असं नाव दिलं. माझ्या कारखान्यातला एक जुना सहकारी, १९८७ च्या एफए कप विजयापासूनचा भक्त, त्या वर्षी एकाही मॅचला गेला नाही, रेडिओही लावला नाही. मालकांना हे माफ करायला मी तयार नाही. हिशेबाच्या भांडणात गावचा संघ गावाबाहेर न्यायचा नसतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परतला तेव्हा जिलिंगहॅमविरुद्ध सत्तावीस हजारांवर लोक आले. आणि पुढच्याच महिन्यात कौन्सिलने आपला निम्मा हिस्सा वॉस्प्स या रग्बी क्लबला विकला. तोही हाय विकमला खेळणारा, बाहेरगावचा क्लब! किंमत २७ लाख ७० हजार पौंड, वर स्टेडियमची लीज २५० वर्षांपर्यंत वाढवलेली. धर्मादाय संस्थेचा निम्माही लगेच त्यांच्याकडेच गेला. मालकांनी याही व्यवहाराला आव्हान दिलं आणि तिथेही ते हरले. कायद्याने व्यवहार चोख असेल, पण भरलेलं स्टेडियम डोळ्यांनी बघितल्यावर कौन्सिलने थांबायला हवं होतं. कोर्टबाजी चालूच राहिली, आणि २०१९ पासून दोन हंगाम संघ बर्मिंगहॅमला. तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळालं ते दुसऱ्याच्या मैदानावर खेळून.

भाडेकरूला किती किंमत असते, हे २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा दिसलं. कॉमनवेल्थ गेम्सची रग्बी सेव्हन्स इथे झाली, सामन्यामागून सामना, आणि मैदानाची इतकी वाट लागली की फुटबॉलच्या मॅच पुढे ढकलाव्या लागल्या. हंगाम सुरू, पण घरच्या मैदानावर खेळता येत नाही. त्याच वर्षी वॉस्प्स बुडाले, स्टेडियम १ कोटी ७० लाख पौंडांना माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुप या दुकानांच्या कंपनीकडे गेलं, आणि डिसेंबरमध्ये क्लबच्या हातात जागा सोडण्याची नोटीस! नंतर नवा करार झाला म्हणून निभावलं.

जानेवारी २०२३ मध्ये उद्योजक डग किंग क्लबचे पूर्ण मालक झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी स्टेडियमही विकत घेतलं. जमीन आजही कौन्सिलची आहे, पण क्लब आणि स्टेडियम पहिल्यांदाच एका हातात आलं. ही बातमी वाचून मला खरंच भरून आलं.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी: तिकीट क्लबच्याच साइटवरून काढा, मोठ्या मॅचची लवकर संपतात. मुलांना जरूर न्या. अर्धा तास आधी पोहोचा, दाराशी जिमी हिल यांचा पुतळा बघा, आणि संघ मैदानात येताना 'स्काय ब्लू साँग' होतं त्याआधी जागेवर बसा. खायचं असेल तर बाहेर वेळ घालवू नका, 'पाय' (सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री) आणि चहा आतच घ्या. आता त्या पैशाला क्लबपर्यंत जायला वाट आहे.