दोन-तीन ऑटिस्टिक मुलं आणि एकटी आई: कॉन्व्हेंट, विशेष शाळा की घर?

घरात ऑटिझम असलेली दोन किंवा तीन मुलं असली की ‘मुलांना कुठे घालायचं?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. थोरल्याला कुठे आणि धाकटीला कुठे, असे ते दोन वेगळे प्रश्न आहेत. वाचता येणारा पण गोंगाटाने बिथरणारा मुलगा आणि अजून शब्द न फुटलेली त्याची बहीण यांना एकाच पर्यायात बसवलं, तर दोघांपैकी एकाचं वर्ष वाया जातं. त्यामुळे पुढची तुलना एकेका मुलाचं नाव डोळ्यासमोर ठेवून वाचा.

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत पहिला विचार येतो तो कॅम्पातल्या कॉन्व्हेंटचा. प्रार्थना तिथे रोज होते, नाताळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालानंतर अशा अल्पसंख्याक शाळांना आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) दुर्बल-वंचित मुलांसाठीचा २५ टक्के कोटा लागू नाही, म्हणजे त्या वाटेने प्रवेश मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळेने प्रवेशात भेदभाव करायचा नसतो. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात वर्ग भरलेला असतो आणि शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या शिक्षिकेचा, पगार बहुतेक वेळा पालकांच्याच गळ्यात पडतो. दोन मुलं तर दोन पगार. जे मूल सगळ्या वर्गाला दिलेली सूचना स्वतःसाठीही आहे हे ओळखतं, अर्धा तास बसतं आणि लघवीला जायचं सांगू शकतं, त्याच्यासाठीच हा पर्याय धरा. शाळेला विचारा: पूर्णवेळ विशेष शिक्षिका आहे का, आणि मूल बिथरलं तर त्याला बसवायला शांत खोली आहे का? ‘बघू, करू काहीतरी’ असं उत्तर आलं तर ते नकारच समजा.

विशेष शाळेत मुलं कमी असतात आणि स्पीच (वाचा) आणि ओटी (ऑक्युपेशनल) थेरपी बऱ्याचदा एकाच छताखाली मिळतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटरसारखी खास ऑटिझमसाठीची संस्था आहे. बाकी बऱ्याच शाळा मुख्यतः बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी आहेत. तिथे न बोलणाऱ्या मुलाला चित्रकार्डं किंवा टॅबलेटवरून बोलायला शिकवतात का, हे आधी पाहा. शिक्षिकेचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. एक मोठा फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही: दोन्ही मुलं एकाच शाळेत असली की आईला रोज चार-पाच तास मिळतात.

घरी शिकवणं हे तिन्हींत सर्वांत लवचीक आणि सर्वांत थकवणारं. त्यासाठी परवाना काढावा लागत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं गृहाधारित शिक्षण मात्र वेगळं: तिथे नाव शाळेच्या पटावर राहतं आणि विशेष शिक्षक घरी येतात. आरटीईतल्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना तो हक्क दिला.

घरची शाळा बहुतेक वेळा अभ्यासक्रमामुळे नाही, तर वेळापत्रकामुळे कोसळते. तीन मुलं असतील तर तासाचे २०-२० मिनिटांचे तीन तुकडे करा: एक आईसमोर, एक स्वतंत्र कामावर, एक झोका-उड्या-मातीवर, मग फिरवा. स्वतंत्र कामाच्या डब्यात आधीच पक्कं आलेलंच काम ठेवायचं. तिथे नवं काम ठेवलं की मूल अडतं, ओरडतं आणि आईसमोरच्या मुलाचा पाठही मोडतो. कामाचे डबे डावीकडून उजवीकडे मांडा आणि शेवटी ‘झालं’ची टोपली ठेवा, म्हणजे काम कधी संपणार हे मुलाला दिसतं. चित्रकार्डं ५ सेंमी चौरस पुरतात. वेल्क्रोची मऊ बाजू नेहमी कार्डावर आणि खरखरीत बाजू पाटीवर, नाहीतर अर्धी कार्डं चिकटतच नाहीत. लॅमिनेट करताना कडेला ३ मिमी जागा सोडा. कागदाला लागून कापलं तर पावसाळ्यात ओल शिरते आणि जुलैत कार्डं फुगतात. प्रत्येक मुलाचा रंग वेगळा ठेवा, नाहीतर कार्डांवरूनच मारामारी.

आवाजाचं गणितही आधी मांडा. एकाचं सतत गुणगुणणं हे दुसऱ्याच्या कानाला करवतीसारखं असतं. अशी जोडी एका खोलीत बसवू नका. कुकर पाठाच्या आधी उरका. ढोल-ताशाचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो, तेव्हा कान झाकायचे हेडफोन जूनपासूनच घालायची सवय लावा. आणि एक आठवडा प्रत्येक मुलाला मिळालेली मिनिटं लिहून काढा. ओरडणाऱ्या मुलाकडे वेळ जातो आणि शांत मूल कोपऱ्यात चाकं फिरवत बसतं, हे वहीत लगेच दिसतं.

श्रद्धेच्या शिक्षणात घर नक्कीच पुढे आहे, पण शब्द जपून वापरा. ‘येशू हृदयात राहतो’ हे शब्दशः घेणारं मूल छातीत माणूस आहे म्हणून घाबरू शकतं. गोष्ट चार चित्रांत सांगा. प्रार्थना रोज त्याच शब्दांत, त्याच जागी. शिक्षा म्हणून प्रार्थना कधीही नको. देवळात (चर्चमध्ये) दाराजवळचा बाक धरा आणि आधी उपासना नसताना मुलाला रिकामं देऊळ दाखवून आणा. पंच हौद चर्चच्या घंटा कानाला सोसत नसतील तर त्या थांबल्यावर आत शिरा. एसीईसारखा (अ‍ॅक्सेलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रम एका जागी बसून पुस्तिका सोडवणाऱ्या मुलाला मानवतो, पण त्यातून भारतीय बोर्डाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रमाणपत्रासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, सोयीचं. दहावीला वय १४ पूर्ण हवं आणि किमान एक भाषा धरून पाच विषय. गणित सक्तीचं नाही, मात्र पुढे इंजिनिअरिंग डिप्लोमाचा विचार असेल तर ते सोडू नका. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा पास झालेला विषय पासच राहतो. एका वेळी एकच पेपर झेपणाऱ्या मुलाला याहून काय हवं? माध्यम मराठीही घेता येतं.

आमचा कल मधल्या वाटेकडे आहे: ज्याला सगळ्यात जास्त थेरपी लागते ते मूल विशेष शाळेत, गोंगाट न सोसणारं पण वाचणारं मूल घरी, आणि बाकीच्यांशी मिसळायला गणेशखिंड रस्त्यावरची, दिव्यांग मुलांच्या खेळ-कलांसाठीची बाल कल्याण संस्था. आईच्या मदतीला कुणीच नसेल तर तिन्ही मुलं घरी ठेवू नका, मन कितीही ओढ घेवो.

कोणताही पर्याय घेतलात तरी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) प्रत्येक मुलाचं वेगळं काढा. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी ससून किंवा औंध जिल्हा रुग्णालयात. ऑटिझम मोजायच्या इसा (आयएसएए) चाचणीत ४० मुद्दे असतात आणि गुण ७० पेक्षा कमी आले तर ऑटिझम धरला जात नाही. म्हणून मूल घरी अवघड दिवशी कसं वागतं याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत न्या. शाळेतून काढण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं हातात घ्या. वर्षभराने मागायला गेलात तर फार हेलपाटे पडतात.