एक्स:नेम की नुसतं नेम? डब्ल्यूपीएफमध्ये आठ महिने वापरल्यावर

डब्ल्यूपीएफ (विंडोज अ‍ॅपचे स्क्रीन बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) 2006 पासून आहे, तरी झॅमल, म्हणजे ते स्क्रीन लिहायची मार्कअप भाषा, हातात घेणारा प्रत्येक जण इथे अडखळतोच. बटण, टेक्स्टबॉक्स, ग्रिड यांना 'नेम' द्या नाहीतर 'एक्स:नेम', फरक शून्य. बिल्ड करताना त्या नावाचं फील्ड, म्हणजे कोडमधून त्या एलिमेंटला हात लावायचं व्हेरिएबल, तयार होतं. दोन्ही एकाच एलिमेंटवर लिहिलं तर मात्र एरर. रोटेट-ट्रान्सफॉर्म किंवा ब्रशला नेम प्रॉपर्टीच नसते, तिथे एक्स:नेमशिवाय गत्यंतर नाही. मग सगळीकडे तेच वापरावं, डोक्याला ताप नको.

खरी डोकेदुखी आहे ती नेमस्कोपची, म्हणजे नाव जिथवर ओळखलं जातं त्या हद्दीची. बटणाच्या कंट्रोल-टेम्प्लेटमधल्या (ते कसं दिसावं याच्या साच्यातल्या) बॉर्डरला 'कडा' असं नाव दिलं आणि कोड-बिहाइंडमध्ये (झॅमलच्या जोडीच्या कोड फाइलमध्ये) थेट 'कडा' लिहिलं, तर कंपायलर म्हणतो असं काही नाहीच. बरोबरच आहे त्याचं. तेच टेम्प्लेट पन्नास बटणांना लागलं तर पन्नास कडा होतील, फील्ड कुठल्या कडेचं बनवायचं? म्हणून बटणाच्या टेम्प्लेटवर फाइंडनेम चालवायचं, त्याला नाव आणि ते बटण अशा दोन गोष्टी द्यायच्या. कन्स्ट्रक्टरमध्ये हे केलं तर नल मिळतो, कारण टेम्प्लेट अजून लागलेलंच नसतं. लोडेड इव्हेंटमध्ये करा, किंवा आधी अप्लाय-टेम्प्लेट बोलवा.

एमसी3093 ही एरर त्याच घरातली. स्वतःची झॅमल फाइल असलेल्या यूजर-कंट्रोलच्या आत बाहेरून टेक्स्टबॉक्स ठेवला आणि त्याला नाव दिलं की ती येते. त्या कंट्रोलचा नेमस्कोप आधीच ठरलेला असतो. वेळखाऊ पण पक्का उपाय म्हणजे झॅमल फाइल काढून टाकून तो टेम्प्लेटवाला कस्टम कंट्रोल करणं. नुसती टेक्स्टबॉक्समधली व्हॅल्यू हवी असेल तर बाइंडिंगने (प्रॉपर्टी डेटाला जोडून) भागतं, नावाची गरजच उरत नाही.

कॉन्टेक्स्ट-मेनूमधलं (राइट-क्लिकच्या मेनूतलं) एलिमेंट-नेम बाइंडिंग, म्हणजे नावावरून दुसऱ्या एलिमेंटला जोडणारं, तर गुपचूप मरतं. ना एरर, ना क्रॅश. आउटपुट विंडोत एक ओळ, तीही बघितली तर. तिथे मेनूच्या प्लेसमेंट-टार्गेटवरून (मेनू ज्या एलिमेंटवर उघडतो त्यावरून) जा.

एक गोष्ट उशिरा कळते. ऑटोमेशन-आयडी (स्क्रीन आपोआप तपासणाऱ्या टेस्टना एलिमेंट शोधायची खूण) वेगळा दिला नसेल तर यूआय टेस्ट एलिमेंटचं हेच नाव आयडी म्हणून उचलतात. 'टेक्स्टबॉक्स17'चं नाव शहाण्यासारखं बदललं की टेस्ट पडतात, आणि बदलणाऱ्याला पत्ताही नसतो. टेस्ट ज्याला हात लावते त्याला ऑटोमेशन-आयडी स्वतंत्रच द्या.