एफएम रेडिओ, नऊ महिन्यांनंतर: घ्या, पण त्याच्या एरियलवर विसंबू नका

गोकुळाष्टमीच्या आठवड्यात ६५० रुपयांना घेतलेला हा तीन बँडचा सेट. कंपनीचं नाव देत नाही. खोक्यावर जे छापलेलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला माझं शिलाईचं दुकान आहे आणि सकाळी नऊ ते रात्री आठ रेडिओ चालूच असतो. चार महिन्यांत याची जी हालत झाली, ती घरगुती वापरात वर्षभराने होईल.

घेतला तो पणजीच्या खाजगी वाहिन्यांसाठी. ९१.९, ९२.७ आणि ९८.३. आधी आमच्याकडे मिडियम वेव्हवर १२८७ ला पणजी आकाशवाणी लागायची, पण शिलाई मशीनची मोटर दाबली की नुसती घरघर. मोटरच्या कार्बनपाशी बारीक ठिणग्या उडतात. मिडियम वेव्हला आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगीचा गोंगाटही उंचीतच मिसळतो. एफएमला आवाज कंपनसंख्येच्या बदलात असतो, त्यामुळे सेट उंचीचा चढउतार छाटून टाकतो. पहिल्याच दिवशी मोटर चालू ठेवून ब्लाउजच्या दोन्ही बाह्या लावल्या, गाण्याचा एक शब्द गेला नाही. तिथेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

पणजीसारख्या लहान शहराला खाजगी रेडिओ परवडतो कसा, हे मला आधी कळत नव्हतं. खाजगी वाहिन्यांच्या परवान्यांच्या पहिल्या फेरीत सरकारचं शुल्क ठरलेलं असायचं आणि ते दरवर्षी १५ टक्क्यांनी चढायचं. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं वाढतंच. असल्या भाड्याखाली माझ्या ओळखीतली दोन दुकानं बंद पडलेली मी पाहिली आहेत. २००५ च्या धोरणात हे बदललं. त्यात एकदाच बोलीची रक्कम भरायची होती आणि मग मुख्यतः उत्पन्नाच्या ४ टक्के, परवाना तेव्हा १० वर्षांचा होता. म्हणून लहान गावांत वाहिन्या आल्या. खाजगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देऊ न देणं मात्र मला अजिबात पटत नाही. मुंबई-दिल्लीच्या बातम्या नकोत मला. होडी पाण्यात घालायची की नाही, रस्त्यावर झाड पडलंय का, एवढं सांगायला जवळची वाहिनी हवी.

आता एरियल. याच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण इतर कोणी लिहीत नाही.

काडी पूर्ण ओढली तरी जेमतेम ४८ सेंटिमीटर. वर मुलामा, आत पातळ नळी. शिरोड्याला मिठागरं आहेत, ज्या मिठासाठी १९३० साली इथे सत्याग्रह झाला तेच मीठ आमच्या हवेत असतं. दिवाळीपर्यंत तिसऱ्या जोडावर हिरवट बुरशीसारखा थर आला. रोज खोबरेल तेलाचं बोट फिरवायचो. डिसेंबरात काडी तिथेच मोडली आणि ९८.३ च्या जागी फक्त खरखर उरली.

एसटीने कुडाळला सर्व्हिस सेंटरला गेलो. पावती होती, वर्षाची वॉरंटी होती. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, एरियल वॉरंटीत येत नाही, १८० रुपये पडतील, पार्ट आठवड्याने येईल. कार्डावर कुठे लिहिलंय दाखव म्हटलं, तर दाखवता येईना. साहेब जेवायला गेलेत म्हणाला. दीड तास बाकावर बसलो. साहेब आले, त्यांनीही तेच सांगितलं. साडेसहाशेच्या सेटला १८० ची काडी मी लावणार नव्हतो. सेट उचलला आणि परत आलो. त्या दिवशी लिहायला बसलो असतो तर ‘घेऊ नका’ असंच लिहिलं असतं.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आहे. तो म्हणाला, “मामा, त्या काडयेक कित्याक पैसे घालतंस? वायर लाव.” ३०० ला ९८.३ ने भागलं की लहरीची लांबी साधारण ३ मीटर ५ सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा ७६ सेंटिमीटर. दुकानातल्याच टेपने मापून प्लास्टिक चढवलेली तांब्याची वायर कापली, टोक सोलून उरलेल्या बुडख्याला गुंडाळलं, वरचं टोक शटरच्या लाकडी चौकटीला उभं बांधलं. खर्च ८ रुपये. आवाज नव्या सेटपेक्षा स्वच्छ. ९२.७ सुद्धा, जी आधी पावसात तुटायची.

आणि मार्चमधली एक संध्याकाळ. दिवसभर उकाडा, वारा पडलेला, समुद्र सपाट. ९८.३ वर पणजीची निवेदिका बोलता बोलता गेली आणि एक पुरुष शीवच्या ट्रॅफिकबद्दल सांगू लागला. मुंबईची वाहिनीही ९८.३ लाच आहे. पाण्यावर गार हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसला की लहर त्या बोळातून समुद्रावरून लांब सरकते. एरवी पावणेचारशे किलोमीटर येणं शक्य नाही. एफएमचा सेट दोघांची खिचडी करत नाही, जी जोरात असेल तीच धरतो, म्हणून मुंबई इतकी स्पष्ट. माझा मुलगा लालबागला राहतो. फोन केला, म्हटलं तुझा रेडिओ लाव. लावला. एकच गाणं आम्ही दोघांनी दोन टोकांना ऐकलं, तो फोनवर काही बोलत नव्हता, मीही नाही. दहाएक मिनिटांनी पणजी परत आली.

बाकीचं थोडक्यात. सेल महिना-सव्वा महिना जातात, अडॅप्टर घेतलात तर ट्रान्सफॉर्मरवाला घ्या, स्वस्तातला भुणभुण करतो. स्टेशन बदलणाऱ्या काट्याचा दोरा अजून घट्ट आहे. सेट घ्यायला हरकत नाही, पण किनाऱ्यावर राहत असाल तर पहिल्याच दिवशी काडी मिटवून वायर लावा. मी दर दोन महिन्यांनी टोक नव्याने सोलतो, कारण सोललेलं तांबंही इथे काळं पडतं. परवाच सोललं, ७६ ची ७४ झाली आहे, पुढच्या खेपेला नवीन कापायची.