ब्लू-रेवरचं 'पॅटलेबर': आधी कोणता संच, आणि कोणत्या प्लेअरवर

पोलीस, विनोद आणि हाणामारी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर जुन्या ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, 'पॅटलेबर'च्या टीव्ही मालिकेला तोड नाही. अमेरिकेत मेडन जपान या लेबलने ती ब्लू-रेवर काढली, वितरण सेक्शन 23 फिल्म्सचं. संच घेण्यासारखाच आहे. पण संभाजीनगर, लातूर, नांदेडकडून तो मागवणाऱ्याचं घोडं हमखास अडतं ते प्लेअरवर. त्यामुळे पैसे भरण्याआधी खालचं वाचून घ्या.

गोष्ट 1998 च्या सुमाराच्या टोकियोतली, म्हणजे मालिका आली तेव्हाच्या नजीकच्या भविष्यातली. बांधकामावर 'लेबर' नावाची अजस्र यंत्रं आली आहेत. पोकलेनला हातपाय फुटावेत तशी. ती आली तसे त्यांच्या आडून होणारे गुन्हेही आले, म्हणून पोलिसांनी लेबरची स्वतंत्र तुकडी उभी केली. यंत्र आहे इंग्रम, उंची सुमारे 8 मीटर, हातात 37 मिमीचं रिव्हॉल्व्हर. नोआ इझुमी ते चालवते, त्याला आल्फॉन्स म्हणते आणि ओरखडा उठला तरी हळहळते. असुमा शिनोहारा गाडीतून तिला सूचना देतो, आणि यंत्र बनवणारी कंपनी त्याच्याच बापाची. दुसऱ्या इंग्रमवरचा इसाओ ओता आधी गोळी झाडतो, मग विचार करतो. या सगळ्यांना सांभाळणारे कप्तान गोतो वरवर झोपाळू, पण डोक्याने सगळ्यांच्या चार पावलं पुढे.

खरी गंमत लढाईत नाही, ठाण्यात आहे. तुकडीचं ठाणं शहराबाहेर भरावाच्या जमिनीवर. जवळपास हॉटेल नाही, जेवण मागवायचं ते एकट्या शांघाय-तेईकडून. टीव्ही मालिकेचा 29 वा भाग पाहा. ऑर्डर जाते, जेवण येत नाही, आणि तेवढ्यावरून अख्ख्या तुकडीची वाट लागते. एकही लेबर लढत नाही, तरी पूर्ण मालिकेतला तो सगळ्यात ताणलेला भाग आहे. लिहिला आहे मामोरू ओशी यांनी. खर्चाचा हिशेब, वरिष्ठांची बोलणी, नुकसानभरपाईचे अर्ज, रात्रपाळी: ज्यांच्या घरात कोणी पोलिसात किंवा सरकारी खात्यात आहे, त्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. संगीत केंजी कावाई यांचं, दिग्दर्शन नाओयुकी योशिनागा यांचं.

आता संचांचा गोंधळ. 'पॅटलेबर' नावाने चार-पाच वेगळ्या गोष्टी विकायला असतात. पहिली, 1988 पासून थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेली 7 भागांची मालिका. त्या काळच्या मानाने किंमत मुद्दाम कमी ठेवली होती, कॅसेटला 4,800 येन, आणि त्या गणितावरच पुढचा डोलारा उभा राहिला. दुसरी, ऑक्टोबर 1989 ते सप्टेंबर 1990 मधली 47 भागांची टीव्ही मालिका. तिसरी, तिला जोडून आलेले 16 भाग, 'न्यू फाइल्स'. शिवाय चित्रपट, त्यातले पहिले दोन 1989 आणि 1993 चे. टीव्ही मालिका आणि न्यू फाइल्स एका सूत्रात बसतात. सुरुवातीचे 7 भाग आणि पहिले दोन चित्रपट यांचं सूत्र वेगळं. त्यामुळे टीव्ही मालिका पाहून थेट दुसरा चित्रपट लावला तर मधले धागे जुळत नाहीत.

विनोदासाठी घेत असाल तर टीव्ही मालिकेपासून सुरुवात करा आणि न्यू फाइल्स सोडू नका. ग्रिफिन या काळ्या लेबरचं प्रकरण टीव्ही मालिकेत अर्धवट राहतं, ते न्यू फाइल्समध्ये संपतं. मालिका खंडाखंडानेही विकली गेली आहे, म्हणून खोक्यावरचा भागांचा आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरा चित्रपट गंभीर आहे, उत्तम आहे, पण हसण्यासाठी तो नाही.

आता मुख्य अडचण. ब्लू-रेचे जगात तीन प्रदेश. अमेरिका आणि जपान 'ए'त, ब्रिटन 'बी'त, भारत 'सी'त. डीव्हीडीत अमेरिका 1, जपान 2 आणि भारत 5. भारतात विकलेल्या साध्या प्लेअरमध्ये 'ए'चीच खूण असलेली डिस्क घातली की पडद्यावर प्रदेश चुकल्याचा संदेश येतो. डिस्क खराब नसते, परत पाठवूनही उपयोग नसतो. खोक्याच्या मागच्या बाजूला षटकोनात अक्षर असतं, ते विक्रेत्याकडून फोटो मागवून पाहा. ए, बी, सी तिन्ही असतील तर निर्धास्त घ्या. गेमिंग कन्सोलबाबत बऱ्याच जणांची फसगत होते. गेमला प्रदेशाचं बंधन नाही म्हणून ब्लू-रेलाही नसेल असं धरतात, पण ब्लू-रेला ते असतं.

स्वतंत्र प्लेअर आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून संगणकाला यूएसबी ब्लू-रे ड्राइव्ह जोडणं हा सोयीचा मार्ग. सोबत विकतचं प्लेबॅक सॉफ्टवेअर लागतं. नुसतं व्हीएलसी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून संरक्षित डिस्क चालत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रदेश मोजक्या वेळाच बदलता येतो, सहसा पाचदा, मग तो कायमचा ठरतो. म्हणून एकदा 'ए' लावा आणि हात लावू नका. ड्राइव्ह मध्येच बंद पडत असेल, चित्र अडखळत असेल, तर आधी वीज तपासा. यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून 500 मिलिॲम्पियर मिळतो, 3.0 मधून 900. बारीक ड्राइव्हला डिस्क फिरवायला सुरू होताना जास्त लागतो. दोन टोकांची वाय केबल लावली की हा त्रास बहुतेक वेळा जातो.

चित्र 4:3 आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि त्या तशाच असायला हव्यात. टीव्हीवर चित्र ताणून पडदाभर केलं की इंग्रम बुटका आणि जाडा दिसतो. मोशन स्मूदिंग बंद करा. हाताने काढलेल्या ॲनिमेत सेकंदाला साधारण 8 ते 12 चित्रं असतात, टीव्ही मधली चित्रं स्वतःच घुसडतो आणि हातापायांच्या कडा फरफटतात. शार्पनेस शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद. जे दाणे दिसतात ते फिल्मचे आहेत, दोष नाही.

बाजारात, ऑनलाइनही, तीन डीव्हीडींत सगळे 47 भाग देणाऱ्या स्वस्त प्रती दिसतात. हिशेब करा: एका डिस्कवर 16 भाग म्हणजे जवळपास साडेसहा तास. 8.5 जीबीच्या डिस्कवर ते बसवायचे तर सेकंदाला जेमतेम 3 मेगाबिट उरतात. धावपळीच्या दृश्यात चौकटी फुटणारच. त्या चोरीच्या प्रती आहेत, सबटायटलही तसेच. अधिकृत संचात सबटायटल फक्त इंग्रजी, हेही आधी माहीत असू द्या. घरच्या मोठ्यांना किंवा पाचवी-सहावीतल्या मुलांना दाखवायचं तर शेजारी बसून सांगावं लागेल.

परदेशातून मागवताना डिस्कची किंमत, टपालखर्च, आयात शुल्क आणि कुरिअरवाल्यांची फी असा हिशेब मांडा. टपालाने आलं तर शुल्क बहुधा पोस्टमन दारात घेतो, कुरिअरवाले आधी केवायसी मागतात आणि कागद उशिरा दिले की पार्सल पडून राहतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. खोकं हलवल्यावर खडखडलं तर आतल्या मधल्या कडीचे दात तुटून डिस्क सुटलेली असते, आणि सुटी डिस्क घासत आलेली असते.

मराठवाड्यात धूळ आणि ऊन हे दोन खरे शत्रू. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाच्या अवघा 0.1 मिमी आत असतो, डीव्हीडीचा 0.6 मिमी. वरचा लेप कडक असला तरी खोल चरा परवडत नाही. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ॲम्प्लिफायरवर संच ठेवू नका, वाकलेली डिस्क परत सरळ होत नाही. खोकी उभी ठेवा. प्लेअरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होत असताना लाइट गेली तर प्लेअर कायमचा मरू शकतो, म्हणून ते काम इन्व्हर्टर चालू असेल तेव्हाच करा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये गुणगुण येते. त्यासाठी डिस्क बदलून मागू नका, आधी ॲम्प्लिफायर मुख्य लाइनवर लावून पाहा.