भाड्याचा फ्लॅट: 80 टक्के कर्ज की त्याच्या निम्मं?

समजा, पुण्यात 50 लाखांचा वन बीएचके भाड्याने द्यायला घेतला. भाडं 16,000, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 2,000. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 40 लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता साधारण 34,700. म्हणजे दरमहा 20,700 पगारातून. कर्ज त्याच्या निम्मं, म्हणजे 20 लाखांचंच असेल तर हप्ता 17,350, आणि खिशाला झळ फक्त 3,350.

मोठ्या कर्जात हाताशी पैसा राहतो, हे खरं. पण 11 महिन्यांचा करार संपून भाडेकरू गेला, रंगरंगोटीत घर दोन महिने रिकामं राहिलं, की अख्खा हप्ता अन् मेंटेनन्स तुमच्याच माथी. मला निम्मं कर्जच पटतं. मात्र त्यापायी सगळ्या एफडी मोडू नका. मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी, शिवाय सहा हप्ते बाजूला हवेतच. भाडेकरूचं डिपॉझिट त्यात धरू नका, ते परत द्यायचं असतं.